खिशातनं उचललेली झील

आप्पा, आख्ख्या दौंड-शिरूरातनं फ्रान्सला जाऊन हजारभर मानसांम्होरं आवाज टाकलेला पयला गडी मीच. टाकला म्हंजी त्वांडातनं निसटला, त्यो बी दुसऱ्याच्या नाटकात.

तुम्हाला ह्ये सांगायची गरज न्हाई. तुम्ही व्हताच की तिथं, माझ्या शर्टाच्या खिशात. पर काल तुमच्या दहाव्याला पावनं जमलं, त्यातल्या एकानं इचारलं, “काय रं, आप्पा फ्रान्सात गायलं म्हनत्यात, खरं का?” मी सांगाया बसलो तर निम्मी मानसं उठून चहाला गेली. म्हनून तुम्हालाच सांगतो, तुम्हाला आता उठून जाता येत न्हाई. मला लिवता येत न्हाई. शाळंत मी गेलो त्यो पाऊस आला की आडोशाला. ह्ये फोनात बोलतोय, फोनच लिवतो म्हनं. काय लिवलं त्ये मला वाचता येनार न्हाई, तवा चूक निघाली तर ती फोनची.

तुम्ही माझ्या आईचं थोरलं भाऊ, पर सगळी आप्पा म्हनायची म्हनून मीबी आप्पा. तुम्ही ओव्या मांडायचा. घोंगडं अंथरायचं, भंडारा उधळायचा, डावा हात कानावर ठिवायचा आन् देवाची, मेंढरांची, रानावनाची कथा सुरू. तुम्ही म्होरं, मी मागं. मी झिलकरी. म्होरक्यानं ओळ न्यायची वर, शेवटाला आवाज सोडायचा खाली, आन् ती ओळ भुईला टेकायच्या आत झिलकऱ्यानं तिचं शेपूट धरून परत वर वढायचं. ती झील. गळा लागत न्हाई, अक्कल लागत न्हाई, म्हनून मला दिल्यालं काम. त्यातबी मी पेंगायचो. तुम्ही कोपर मारायचा आन् मी झोपंतच वरडायचो. कथंत राजा मेल्याला आसायचा आन् मागनं मी वरात निघाल्यागत.

“गळा न्हाई तुला, ठाव हाय मला,” तुम्ही म्हनायचा. “कान तरी ठीव जाग्यावर.”

त्या साली तुमच्या गावच्या जत्रंत काय झालं त्ये आपन दोघं परत कवा बोललोच न्हाई. देवळाम्होरं घोंगडं अंथरलं आन् पाठीमागं डीजेची गाडी येऊन उभी ऱ्हायली. छातीत कुनी मुसळ घालतंय असला आवाज. तुम्ही कानावर हात ठिवून ओळ म्हनली. ओठ हललेलं मला दिसलं, ओळ काय आली न्हाई. कुठं सोडली त्येच कळंना, उचलू काय? ती भुईवर पडली. दुसरी पडली. तिसऱ्या वक्ताला मी अंदाजानं वरडलो तर तुम्ही अजून मधीच व्हता. म्होरची पोरं हसली. तुम्ही उठला, घोंगडं झटाकलं, नीट घडी घातली, खांद्यावर टाकलं. मला शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं. घराकडं जाताना एवढंच म्हनला, “झालं. आता मांडायचं न्हाई.”

मी म्हनलो, “आप्पा, रुसता काय नव्या नवरीवानी?”

त्यावर तुम्ही माझ्याकडं असं बघितलं की घर येस्तवर मी गप चाललो. माझ्या जन्मात मी एवढा येळ गप त्या दिशीच.

मग मी फ्रान्सला गेलो. यवतच्या ढाब्यावर तंदूर शिकलो व्हतो. शिकलो म्हंजी दोन्ही हातांची लव जाळून घेतली. तिथनं पुन्याच्या हॉटेलात. तिथल्या शेठच्या पंजाबी साडूनं फ्रान्सात हॉटेल टाकलं, त्येला भट्टीवर उभा ऱ्हानारा आन् प्रश्न न इचारनारा गडी पायजे व्हता. मला तर प्रश्न इचारायची भाषाच नव्हती, मी पयल्या नंबरात पास. आन् आप्पा, भाषा न येता मी तिथं निभावलो त्ये तुमच्यामुळं. मानूस बोलताना वाक्य कुठं सोडतंय त्ये मला बरोबर कळतं. त्येनं सोडलं की मी “वी, वी” म्हनून शेपूट उचलतो. ‘वी’ म्हंजी ‘व्हय’. असं करून मी तिथं काय काय कबूल केलंय त्ये देवालाच ठाव. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या म्हातारीचं मांजर माझ्याकडं ऱ्हायाला आलं.

दर रयवारी मी मामीच्या फोनवर व्हिडिओ लावायचो आन् तुम्ही फोन कानाला लावायचा. कितींदा सांगितलं, आप्पा, म्होरं धरा, त्वांड दिसंल. तुम्ही म्हनायचा, “त्वांड बघून काय करतो? ऐक.” मग मी रयवारचा बसून तुमचा कान बघायचो. त्यातलं पांढरं केस, ती सोन्याची बारकी बाळी, मागचा तीळ. आता तुमचा चेहरा आठवाया गेलो की पयला कानच येतो. कुनाला सांगायची सोय न्हाई.

आन् दर रयवारी आपलं भांडान त्येच.

“मांडलं का, आप्पा?”

“कुनासाठी?”

मी काय सांगनार? मी तिथं नान भाजतोय.

पर उन्हाळा आला आन् मला उत्तर घावलं. त्या गावात उन्हाळ्यात नाटकांची जत्रा भरती. ऊन आपल्या मे महिन्यागत, झाडांवर किडं दिसभर किरकिरत्यात, आन् बघता बघता सगळं गाव बदालतं. खांबाला, झाडाला, खिडकीच्या गजाला, जिथं दोरी बांधता ईल तिथं नाटकाचं पुठ्ठं टांगल्यालं. बोळाबोळानं राजं, भुतं, पऱ्या, उंच काठ्यांवर चालनारं बाप्ये. मी सकाळी पाव आनाया गेलो तर लाईनीत माझ्याम्होरं मुकुट घातल्याला राजा आन् मागं शिंगं लावल्याला राक्षस. राक्षसानं मला वाकून सकाळचा नमस्कार घातला. मी “वी, वी” म्हनलो.

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही इचारलं, “कुठल्या देवाची रं?”

“देव न्हाई, आप्पा.”

“मग छबिना कुनाचा काढत्यात?”

“कुनाचाच न्हाई. नाटकं बघत्यात, गानं ऐकत्यात.”

“दिसभर?”

“महिनाभर.”

तुम्ही फोन ह्या कानावरनं त्या कानावर घेतला. मग म्हनला, “रानात पिकं न्हाईत का त्यांच्या?”

त्या जत्रंत माझं बी एक नाटक झालं. दुपारचं मी हॉटेलाच्या मागच्या पायरीवर कांदं सोलाया बसलो व्हतो. पोतंभर कांदं, डोळ्यातनं धारा. जानारी एक बाई थांबली. मग एक जोडपं थांबलं. मग आठ-धाजन येऊन म्होरं फरशीवर मांडी घालून बसलं. मला वाटलं हॉटेल उघडायची वाट बघत्यात. मी कांदं सोलतोय, नाक वर वढतोय, त्ये बघत्यात. कुनी बोलंना. एका बाईनं रुमाल काढून डोळं पुसलं. आता उठावं कसं? लाजंपायी मी आख्खं पोतं सोललं. शेवटचा कांदा टाकला आन् ती समदी उभी ऱ्हाऊन टाळ्या वाजवाया लागली. तेवढ्यात त्यो पंजाबी शेठ दारात येऊन वरडला, “ओए, प्याज अंदर ला, ग्रेव्ही चढानी है!” त्याला बी टाळ्या.

मी त्याच संध्याकाळी फोन लावला. “आप्पा, ही मानसं मी कांदं सोलताना गप बसून बघत्यात. तुम्ही गायला तर काय करतील?”

“तिकीट काढलं आसंल म्हनून बसली.”

“कांद्याला कसलं तिकीट?”

“मग सावली आसंल तिथं.”

तुम्हाला मानायचंच नव्हतं. आन् मला तुमच्याकडनं एवढंच मानून घ्यायचं व्हतं, की ऐकनारी मानसं जगातनं संपल्याली न्हाईत. त्ये मानलं तर तुम्ही घोंगडं परत काढाल, ह्या आशंवर मी व्हतो.

हॉटेलात वाढायचं काम करनारी क्लेर म्हनून एक पोरगी हाय. तिच्याकडं त्या जत्रंतल्या एका नाटकाचं तिकीट जास्तीचं व्हतं. तिनं मला हातानं सांगितलं, झोपायचं, मग दिस उगवायचा, मग चालायचं. मला वाटलं उद्या लवकर कामाला ये म्हनती. मी “वी” म्हनलो आन् पहाटं ॲप्रन घालून हजर. तशीच ती मला गावाबाहेर दगडाच्या जुन्या खानीत घिऊन गेली.

आप्पा, ती खान बघाया तुम्ही पायजे व्हता. तिन्ही अंगाला उभ्या कापल्याल्या पांढऱ्या भिंती, आपल्या देवळाच्या शिखरापरीस उंच. वर आभाळ नुकतं उजळाया लागल्यालं. म्होरं लाकडाच्या पायऱ्या आन् त्यांवर हजारभर मानसं. आन् आवाज न्हाई. खोकला न्हाई, पिशवीची खुसखुस न्हाई. ल्हान पोरं आईच्या मांडीवर डोळं उघडं ठिवून गप. मला वाटलं कुनीतरी गेलंय. मी ॲप्रन काढून मांडीखाली घेतलं.

मधी एक म्हातारा येऊन उभा ऱ्हायला. तुमच्याच वयाचा, तुमच्यापरीस वाळका. ढोल न्हाई, पेटी न्हाई, माईक न्हाई. हात मोकळं. त्यो बोलाया लागला आन् बोलता बोलता त्येचं गानं कवा झालं त्ये कळलंच न्हाई. शबूद एक समजंना. पर त्यो ओळ न्यायचा वर, थोडी धरायचा, आन् शेवटाला खाली सोडायचा. तुमच्यावानी, आप्पा. डिट्टो तुमच्यावानी. माझ्या मानंपासनं टाचंपतूर काटा आला. उजेड भिंतीच्या टोकाला लागला आन् सावकाश खाली उतराया लागला, आन् त्या हजार मानसांतलं एक सुदिक हललं न्हाई. मी आजवर देवळात एवढी मानसं एवढी गप बघितली न्हाईत.

फोन बंद करा म्हनून दारातच सांगितलं व्हतं. क्लेरनं मला माझा फोन हातात घिऊन दाखवलं बी व्हतं. पर मी खाली वाकलो, तुम्हाला रयवारच्यागत व्हिडिओ लावला, “आप्पा, बोलू नका, नुसतं ऐका,” एवढं बारीक म्हनलो आन् छातीच्या खिशात ठिवला. तुमच्याकडं तवा शेरडं सोडायची येळ. तरी तुम्ही ऐकलं. किती येळ गेला ठाव न्हाई. ऊन भिंतीच्या निम्म्यावर आलं तरी तुमच्याकडनं चकार शबूद न्हाई. मला दोनदा वाटलं फोन कट झाला.

मग त्या म्हाताऱ्यानं एक ओळ सोडली. अशी खाली सोडली, अशी खाली, की आता ती भुईला टेकती का काय. आन् त्यो थांबला.

आप्पा, तुम्हीच सांगा, माझी काय चूक? जिच्यापायी उभा जन्म कोपर खाल्लं ती जागा. म्होरं मोकळी. ओळ खाली चाललीय. मी काय बघत बसू? मी उचलली. पोटापासनं, बेंबीपासनं, “हाऽऽऽ” करून जी उचलली ती तिन्ही भिंतींवर आपटून परत माझ्याच अंगावर आली.

हजार मुंडकी माझ्याकडं वळली. क्लेरनं स्वतःचं त्वांड गुडघ्यात घातलं. काळ्या कपड्यातला एक दांडगा बाप्या पायऱ्या चढून माझ्याकडं निघाला. आन् तेवढ्यात माझ्या खिशातनं, त्या गपगार खानीत, तुमचा आवाज आला,

“उशिरा उचललास, गाढवा!”

मला वाटलं आता फ्रान्स सोडावा लागतोय.

पर त्या म्हाताऱ्यानं हात वर केला. त्यो काळ्या कपड्यातला गडी तिथंच थांबला. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या खिशाकडं बघितलं. रागावलाय का हसतोय, कळंना. मग त्येनं तीच ओळ परत घेतली. तशीच वर नेली, तशीच खाली सोडली, आन् माझ्याकडं हात उघडून थांबला. उचल म्हनून.

आन् माझं त्वांड उघडं, आत नुसती वाळू. सपनात कुत्रं मागं लागल्यावर वरडता येत न्हाई, तसं. ओळ खाली चालली, खाली चालली. आन् ती टेकायच्या आत तुम्ही उचलली.

तुम्ही, आप्पा. ज्येनं जन्मात कवा दुसऱ्याच्या मागं झील धरली न्हाई. ज्येनं घोंगड्याची घडी घालून ठिवली व्हती. शिरूरच्या रानात ओट्यावर बसून, फोन कानाला लावून, कुठल्या मुलखातल्या कुठल्या म्हाताऱ्याची ओळ तुम्ही उचलली आन् वर नेली. मी फोन खिशातनं काढून डोक्यावर धरला. फोनचा आवाज तो केवढा, चिमनीएवढा. पर आप्पा, ती मानसं एवढी गप व्हती ना, की त्यो समद्यांला ऐकू गेला. वरच्या पायरीवरच्या म्हातारीनं मान वाकडी करून कान लावला. तुमचा आवाज मधीच फाटला, परत जुळला, आन् भिंतीनं त्येला हळूच माघारी दिला.

टाळी कुनी वाजवली न्हाई. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठिवला, मान खाली घातली आन् कथा म्होरं सुरू केली. काळ्या कपड्यातल्या बाप्यानं माझ्या हातातनं फोन घेतला, अंड्यागत जपून, आन् बंद केला. क्लेर डोळं पुसत व्हती. पुसून झाल्यावर तिनं मला जो चिमटा काढला त्यो आठ दिस काळानिळा व्हता.

रयवारी मी फोन लावला. “आप्पा, तुम्ही गायला!”

“कोन गायलं? मी तुला जागा दाखवली.”

“हजार मानसांनी ऐकलं!”

“तिकीट काढल्यालं व्हतं त्यांनी.”

परत तिकीट! मग मी मला उमजली तशी कथा सांगितली, त्या म्हाताऱ्याची मेंढरं कशी पुरात गेली, त्यो कसा एकलाच काठावर ऱ्हायला. तुमचा कान हलंना. फुडल्या रयवारी क्लेरकडनं कळलं की ती कथा एका जहाजाची व्हती, मेंढरं त्यात नव्हतीच. त्ये सांगितलं तवा तुम्ही एवढं भडकला, “आरं, आठ दिस मी त्या मेंढरांपायी धड जेवलो न्हाई!”

मी म्हनलो, “तर मांडा की एकदा. मी येतो झीलीला.”

“कवा?”

“दिवाळीला.”

दिवाळीला शेठनं सोडलं न्हाई. मग म्हनलो चैतात. तुम्ही “बरं” म्हनला. आपलं भांडान त्या ‘बरं’वर येऊन थांबलं. तुम्ही गेल्याचा फोन आला तवा मी भट्टीत नान लावत व्हतो. त्यो नान तसाच आत जळाला. मी येस्तवर हिकडं सगळं उरकलं व्हतं.

तुम्हाला सांगायचं ऱ्हायलं त्ये एवढंच. त्या खानीत मला वाटलं व्हतं की मी तुम्हाला जग दाखवतोय. मोठा आलो दाखवनारा. त्या म्हाताऱ्यानं ओळ टाकली, तुम्ही उचलली, आन् मधी मी नुसता खिसा. पर आप्पा, असला खिसा व्हायला मिळाला, माझ्यासारख्यानं आनिक काय मागावं? मला अजून कवा भट्टीपशी उभा आसताना त्या भिंतीवरचं ऊन दिसतं आन् हातातली सळई तशीच ऱ्हाती.

काल पावनं गेल्यावर मामी चुलीपशी बसली व्हती. मी जवळ जाऊन बसलो. मला रडू आलं व्हतं, आन् आपल्याला रडताना बी मोठेपना पायजे, म्हनून म्हनलो, “मामी, एक बरं झालं बघा. आप्पांनी शेवटचं गायलं त्ये माझ्यामुळं. माझ्या खिशातनं. रुखरुख एवढीच, की त्यानंतर परत काय त्यांनी मांडलं न्हाई.”

मामीनं फुकनी खाली ठिवली. “कोन म्हनलं न्हाई मांडलं?”

“म्हंजी?”

“त्या दिसापासनं रोज मांडायचे. सकाळी शेरडं सोडली की घोंगडं टाकायचे ओट्यावर.”

“आन् ऐकाया कोन?”

“शेरडं. मी. कवा त्यो दुधवाला थांबायचा.”

“मला कसं न्हाई सांगितलं?”

“तू आला आसतास ना पळत, झील धराया.”

“मग धरायचं कोन?”

“मी.”

“तुम्ही? मामी, बायांनी कवा झील धरलीय व्हय?”

मामीनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, तव्यावरची भाकरी उलाथली.

“पयल्याच दिशी धरली, तवा तुझं आप्पा म्हनले, ‘इतकी वरसं त्या बोंबल्याला शेजारी बसवला, आन् झील हिकडं भाकरी थापत बसली व्हती.’”